अंगठ्याएवढं भोक

रेडिएटर कुठून गळतोय हे नुसत्या डोळ्यांनी बघून सांगणारे मेकॅनिक पुष्कळ असतात. मास्तरांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. मोटरसायकल कुणाचीही असो, ते रेडिएटर खाली उतरवायचे, त्याची एक नळी रबरी बुचाने बंद करायचे, दुसरीतून हातपंपाने हवा भरायचे आणि सगळा ऐवज काचेच्या टाकीत बुडवायचे. शेजारच्या कुणीतरी मासे पाळायचा नाद सोडला तेव्हा ती टाकी त्यांनी उचलून आणली होती. जिथून बुडबुडे आले तिथं भोक, वाद संपला. या टाकीपायी लोक त्यांना बुडबुडे मास्तर म्हणत. मास्तर वरवर चिडल्यासारखं करत, पण आतून खूश असत.

भोक बुजवायची तऱ्हाही ठरलेली. पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन पुट्यांची, म्हणजे भोकं बुजवायच्या लगद्यांची, चिमूट घ्यायची, करडी होईपर्यंत बोटांनी मळायची, भोकावर बसवायची आणि उजव्या अंगठ्याने दाबून धरायची, घड्याळ लावून पाच मिनिटं. मिसळलेली पुटी आपोआप कोमट होते आणि मग दगडासारखी घट्ट बसते. मास्तरांच्या अंगठ्यावर लहानपणी पत्र्याने कापल्याची तिरकी खूण होती. ती खूण पुटीत जशीच्या तशी उमटायची. "ही आपली सही," असं ते गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे. "कुठंही दिसली तरी ओळखेन."

आता त्यांची एक खोड सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. परक्याचं काम ते वेळेवर करत. घरच्यांचं मात्र मागे पडायचं. घरचं माणूस कुठं पळून जातंय, असा त्यांचा हिशेब.

महिन्यापूर्वी भाऊजी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, गॅरेजच्या दारात गाडी लावून म्हणाले होते, "मास्तर, आमचा घोडा कुत्र्यासारखा वाटेल तिथं पाय वर करायला लागलाय हो. जरा बघता का?"

खाली टपटप चालली होती. मास्तरांनी हात पुसत एक नजर टाकली. "पाणी टाकत राहा, भाऊजी. नंतर बघू."

भाऊजींनी दोनदा आठवण करून दिली आणि दोनदा तेच उत्तर घेऊन गेले. माणूस भिडस्त, तिसऱ्यांदा बोलले नाहीत.

नऊ दिवसांपूर्वी ते कामावरून घरी आलेच नाहीत. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली, भल्या लांबच्या निर्मनुष्य रस्त्याच्या कडेला. रेडिएटर कोरडा ठणठणीत होता. हेल्मेट नीट आरशावर टांगलेलं, किल्ली काढून नेलेली, फोन बंद. पोलिसांनी आजूबाजूची शेतं आणि झाडी पालथी घातली. मग एक अधिकारी ताईला हळूच म्हणाला, की माणसं कधीकधी आपण होऊन निघून जातात.

"पन्नाशीत? हेल्मेट टांगून?" ताईने विचारलं.

आज सकाळी पोलिसांनी गाडी सोडली आणि ताई ती टेम्पोत घालून थेट गॅरेजवर घेऊन आली. "ते येतील तेव्हा गाडी तयार पाहिजे," एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसली. नऊ रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने मास्तरांना एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पाण्यासाठी तडफडत भाऊजी कुठं भटकले असतील, हा एकच विचार त्यांना खात होता, आणि ताईच्या डोळ्यांना डोळे भिडवायची त्यांची छाती होत नव्हती.

गाडी स्टँडवर लावली आणि खाली टप्प असा आवाज झाला.

मास्तरांनी वाकून पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं. टेम्पोवाल्याने शहाणपणा करून पाणी ओतलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी खाली तसराळं सरकवलं आणि नट खोलायचे पाने शोधायला गेले. परत आले तर तसराळं काठोकाठ भरलेलं. ते ओतून दिलं. पुन्हा भरलं. या गाडीच्या रेडिएटरमध्ये सव्वा लिटर मावतं, हे मास्तर झोपेतही सांगतील. त्यांनी चौथं तसराळं ओतलं तेव्हा मोजणं सोडून दिलं.

पाणी तांबूस होतं. त्याला जुन्या लोखंडाचा, बंद जागेचा वास होता. मास्तरांनी बोटावर घेऊन हुंगलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. हा रेडिएटर सबंध अ‍ॅल्युमिनियमचा. त्याला असला तांबडा गंज येत नाही.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. नळीत राहिलं असेल." नळीत किती राहतं हे तिला माहीत नव्हतं म्हणून बरं.

रेडिएटर उतरवला. हाताला तो कोमट लागला. इंजिन नऊ दिवसांत सुरू झालेलं नव्हतं. सकाळचं ऊन लागलं असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. उन्हाने धातू कसा चटके देतो ते त्यांना ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. हे अंगासारखं कोमट होतं.

बूच लावलं, पंप जोडला, चार झटके मारले आणि रेडिएटर टाकीत बुडवला. खालच्या उजव्या कोपऱ्यातून बुडबुडे वर आले. खडीचा मार बसला असावा, भोक साधं होतं आणि एकच होतं. मास्तरांना हायसं वाटलं. आता हे आपलं काम, यात आपल्याला कोण शिकवणार? त्यांनी पंप काढून त्या नळीलाही बूच लावलं आणि पुटीचा डबा घ्यायला वळले.

मागे बुडबुडे थांबायला हवे होते. थांबले नाहीत.

आत कोंडलेली हवा निघतेय, म्हणून ते उभे राहिले. दोन मिनिटं झाली, चार झाली. मुठीत मावेल एवढीसुद्धा हवा आत नव्हती. बुडबुडे येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. थांबण्याच्या वेळी भोकाजवळचा तरंगता कचरा हलकेच आत ओढला जायचा आणि पुढच्या बुडबुड्यांबरोबर बाहेर पडायचा.

त्यांनी नेहमीच्या सवयीने पक्कड घेऊन रेडिएटरच्या कडेवर तीन टिचक्या मारल्या. अडकलेले बुडबुडे सुटावेत म्हणून ते नेहमीच मारायचे.

बुडबुडे थांबले. मग टाकीत आवाज आला. टक, टक, टक. पाण्यातून आल्यासारखा, बद्द, लांबचा.

अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आवाज करतं, हे ते पंचवीस वर्षं लोकांना सांगत आले होते. आता तेच स्वतःला सांगून पाहिलं.

ताई केव्हा स्टुलावरून उठून मागे येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. ती टाकीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"दोन आखूड, एक लांब," ती म्हणाली.

"काय?"

"लहानपणी चेंडू लागून यांचं नाक मोडलं होतं ना? तेव्हापासून झोपेत असाच श्वास घेतात. दोन आखूड, एक लांब. सव्वीस वर्षं मी या आवाजाशेजारी झोपतेय." तिने मास्तरांचा दंड घट्ट धरला. "अरे, हे तेच आहेत."

"ताई, वेड्यासारखं बोलू नकोस. नऊ दिवस झोप नाही तुला."

"मग तू सांग काय आहे ते. तू तर मास्तर आहेस ना?"

मास्तर पुन्हा टाकीवर वाकले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हवालदार बोलत होता. आवाज तुटत होता, पण एवढं कळलं की गाडी सापडली त्या जागेपासून अर्ध्या मैलावर, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणापाशी, पाण्याच्या बाटलीचं झाकण सापडलंय. निळं. भाऊजींच्या बाटलीचं झाकण निळंच होतं. ताई फोन कानाला लावून दाराकडे पळाली आणि उंबऱ्यावरून वळून म्हणाली, "मी येईपर्यंत ते भोक बुजवू नकोस. ऐकलंस ना? नंतर बुजव."

नंतर.

तो शब्द मास्तरांना सुईसारखा टोचला. महिनाभर नंतर नंतर करत आपण भाऊजींना पाण्यासाठी त्या रस्त्यावर पाठवलं. आता पुन्हा नंतर? ही गाडी आज, आत्ता नीट झाली पाहिजे. ताईला झोप नाही, म्हणून तिला भास होतात. ती परत येईल तेव्हा पाणी शांत असेल, बुडबुडे नसतील, आणि बिचारीचं डोकं ठिकाणावर येईल. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाच तो आवाज सहन होत नव्हता. माणूस घाबरला की आधी हातातलं काम उरकून टाकतो.

त्यांनी रेडिएटर बाहेर काढला, कोपरा पुसला, पुटी मळली. करडा रंग अगदी एकसारखा आला. भोकावर लावून त्यांनी अंगठा दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

पुटी आत ओढली जात होती.

त्यांनी जोर वाढवला.

अंगठ्याखाली ठोका बसला. हलका. मग आणखी दोन. मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि अंगठा तसाच ठेवला. ठोके जलद झाले, वेडेवाकडे झाले. पुटी कोमट होत गेली.

दोन आखूड ओढी जाणवल्या.

लांब ओढ आली नाही.

बारा वाजून पंधरा मिनिटांनी त्यांनी अंगठा उचलला. सही सुरेख उमटली होती. रेडिएटर हाताला गार लागत होता.

ताई आत आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. "कारखान्यामागच्या पाण्याच्या टाक्यांकडे जायची पाऊलवाट सापडली त्यांना! चल, टेम्पो उभाच आहे." मग तिची नजर काचेच्या टाकीकडे गेली. पाणी काचेसारखं स्थिर होतं. तिने भावाकडे पाहिलं. मग वळून ती टेम्पोत जाऊन बसली. सबंध वाटेत ती तोंड फिरवून बाहेर बघत होती.

ते पोचले तेव्हा भाऊजींना बाहेर काढून झालं होतं. कारखान्यामागे जमिनीत पुरलेली एक लोखंडी टाकी होती, माणूस जेमतेम गुडघे मुडपून बसेल एवढी. तळाशी तांबूस पाणी होतं. बाटली भरायला ते आत उतरले आणि रबर लावलेलं जाड झाकण वरून पडून त्याची कडी आपोआप अडकली, असं हवालदार सांगत होता. तांबूस पाण्यावर त्यांनी नऊ दिवस काढले होते. मुठीत गाडीची किल्ली होती. झाकण ठोकून ठोकून तिचं टोक वाकलं होतं.

डॉक्टर हातमोजे काढत उठले. ते गोंधळलेले दिसत होते.

"अंग अजून गरम आहे," ते म्हणाले. "आज दुपारपर्यंत जिवंत होते ते. बारा, सव्वाबारा. श्वास कोंडला. पण मग नऊ दिवस हवा कुठून मिळत होती, आणि आजच कशी..."

ताई खाली बसली. तिने भाऊजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या मोडक्या नाकावरून बोट फिरवत राहिली. मास्तर तिच्यापासून चार पावलांवर थांबले.

"मास्तर, तुम्ही कारागीर माणूस, जरा इकडे या," हवालदाराने हाक मारली. त्याने उलटं पडलेलं झाकण सुलटं केलं. "झाकणाच्या मुठीचा खिळा निखळून इथं भोक पडलं होतं. हवा इथूनच जात असणार. पण बघा, कुणीतरी बुजवलंय. आम्ही आलो तेव्हा यावर वाऱ्याने आलेल्या पाल्याचा अख्खा थर होता. नऊ दिवसांत वरून कुणी हात लावलेला नाही. हे काय आहे हो?"

मास्तर वाकले. गंजलेल्या पत्र्यात, अंगठ्याएवढ्या भोकात, करडी पुटी नीट बसवलेली होती. रंग अगदी एकसारखा. मधोमध तिरकी खूण.

त्यांनी बोट टेकवलं. ती अजून कोमट होती.