दुसरा अंदाज

बुधवार, १४ ऑक्टोबर. वारा अजिबात नाही. समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा निपचित. पश्चिमेला आभाळ स्वच्छ, आणि उकाडा असा की मासळीवरच्या माश्याही जागेवरून उठत नव्हत्या.

सकाळी नेहमीसारखा मी धक्क्यावरच्या खोलीत गेलो आणि वायरलेस लावला. शहरातल्या हवामान कचेरीकडून अंदाज येतो, तो मी बाहेर गेलेल्या नावांना वाचून दाखवतो. कचेरीतली मुलगी रेडिओवरही तो सांगते, पण आमचे नावा चालवणारे तांडेल तिचं ऐकत नाहीत. ओळखीचा आवाज लागतो त्यांना. माझा आवाज घोगरा आहे, खोकत खोकत वाचतो. इंजिनाच्या धडधडीतही तो ओळखू येतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं.

त्या दिवशीचा अंदाज असा होता: दुपारनंतर पश्चिमेकडून वादळी वारा, लाटा चार मीटरपर्यंत, लहान नावांनी दुपारच्या आत खाडीत यावं.

मी तो वाचला. एकेक नाव उत्तर देऊ लागली.

"ऐकलं, आपा." आमच्याकडे काकाला आपा म्हणतात, आणि दर्यावर मी सगळ्यांचाच आपा. "निघालोच."

"आपा, तुमचं वादळ आणि माझी सासू, दोघं जेवायच्या वेळेलाच कसे येतात हो?"

"सासू निदान परत जाते," मी म्हटलं. "जाळं ओढ आणि ये."

सगळ्यात शेवटी 'सिनार' बोलली. सिनारचा तांडेल मारहाबान, म्हणजे माझा जावई. त्याच्याबरोबर धाकटा भाऊ सफवान, इंजिनावर म्हातारा वाहिद आणि स्वयंपाकाला इशाक. मेराह बेटाच्या बाहेर होते. सरळ निघाले असते तर वाऱ्याच्या बरंच आधी पोचले असते.

"अबू," मारहाबान म्हणाला. सासऱ्यालाही तो बापासारखं अबूच म्हणतो. "अबू, पाण्यात एक माणूस आहे."

"जिवंत?"

"पालथा आहे. नारिंगी सदरा."

खोलीत बसलेले दोघंचौघं वायरलेसजवळ सरकले.

दर्यात मेलेला माणूस दिसला की त्याला किनाऱ्यावर आणायचं, हा आमचा कायदा. कुणाचाही असो, ओळखीचा असो, परका असो. जाळं कापावं लागलं तरी चालेल, मासळी फेकावी लागली तरी चालेल. सोडून आलात तर पांगलिमा, म्हणजे आमचा दर्याचा मुखिया, नाव बांधून ठेवतो. गेल्या वर्षी मारहाबानची बांधून ठेवली होती. तेव्हाही वादळाचा अंदाज होता, तो मीच वाचला होता, आणि पाण्यात दिसलेलं प्रेत सोडून तो पळत आला होता. नाव पुढे सुटली, पण कॉफीच्या दुकानातली माणसं सुटली नाहीत. तो आत शिरला की कुणीतरी बाकाखाली वाकून बघायचं. "मारहाबान, इथे कुणीतरी पडलंय रे. उचलतोस, की आम्हीच आणू?" आणि सगळे हसायचे. त्याच्या पोराला शाळेतही हेच ऐकावं लागलं.

ते प्रेत पुन्हा कुणाला दिसलं नाही. मा साउदाचा एकुलता एक मुलगा जुनैदी त्याच आठवड्यात बुडाला होता, अंगात नारिंगी सदरा होता. ते त्याचंच होतं असं ती धरून चालली. ती कधी भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. रोज अंदाजाच्या वेळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, आणि माझी मुलगी नुरमाला तिथून गेली की गोड आवाजात विचारायची, "आला का गं तुझा परत? हो का? छान, छान."

आत्ताही ती उंबऱ्यावरच होती. 'नारिंगी' हा शब्द ऐकून तिनं मान वर केली.

"घे वर आणि लगेच निघ," मी मारहाबानला म्हटलं.

"घेतोच आहे. पण हा... सरकतोय, अबू."

"ओढ असेल पाण्याची."

"ओढ किनाऱ्याकडे आहे. हा बाहेर चाललाय."

पुन्हा त्याचा आवाज आला तेव्हा त्यात दम लागल्यासारखं झालं होतं. आकडा लावला की प्रेत नावेच्या लांबीइतकं पुढे जातं. थांबलं की थांबतं. डावीकडून गेलं, उजवीकडून गेलं, पुढे जाऊन वळून आलं, तरी डोक्याची मागची बाजूच दिसते.

"फुगलाय का?" मी विचारलं.

"नाही. इशाक म्हणतो, केस कोरडे दिसतात."

एव्हाना धक्क्यावर बातमी पसरली होती. पांगलिमा आला, त्याच्या मागे माणसं आली. नुरमाला सुकटीच्या वाळवणावरून तशीच धावत आली, हाताला खारट वास, बोटांना खवलं. तिनं माझ्या हातातलं बोलायचं यंत्र ओढूनच घेतलं.

"सोडा त्याला. ऐकताय? सोडा आणि घरी या."

"परत वर्षभर बाकाखाली बघत बसू?" मारहाबान म्हणाला. "पोरानं काय तोंड दाखवायचं?"

"पोराला बाप लागेल, तोंडाचं नंतर बघू."

नुरमाला पांगलिमाकडे वळली. "तुम्ही सांगा त्यांना. एक शब्द सांगा. तुम्ही सोड म्हणालात तर दोष नाही लागणार."

ते खरं होतं. तो अधिकार फक्त पांगलिमाला होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, दारात गर्दी केलेल्या माणसांकडे पाहिलं, मग उंबऱ्यावरच्या म्हातारीकडे पाहिलं.

"वारा कुठे आहे अजून?" तो म्हणाला. "पान हलत नाहीये."

"दुपारनंतर येणार. कचेरीनं सांगितलंय," मी म्हटलं.

"कचेरी रोजच काहीतरी सांगते. आज मी सोड म्हटलं, तर उद्या माझा मुलगा पाण्यात पडल्यावर कोण आणेल? तू?"

गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "तांडेलाला पुन्हा घाम फुटला वाटतं." दोघं हसले.

तेवढ्यात मा साउदा उठली. नुरमालाच्या हातातून यंत्र तिनं इतक्या अलगद घेतलं की नुरमालाला कळलंही नाही.

"मारहाबान, बाळा," ती म्हणाली. "फार वेळ नाही लागायचा. अजून एकदा जा जवळ. तो लाजतो रे. लहानपणापासून तसाच आहे."

"मा... दुपार व्हायला आली..."

"एकदाच. माझ्यासाठी."

वायरलेसमधून इंजिनाचा वेग वाढलेला ऐकू आला. म्हातारीनं यंत्र माझ्यापुढे ठेवलं, नुरमालाच्या केसांत अडकलेलं एक खवलं काढलं आणि परत उंबऱ्यावर जाऊन बसली.

बाकीच्या नावा एकेक करून खाडीत आल्या. धक्क्यावर दोर बांधायचे आवाज, शिव्या, बर्फाची खोकी. मी 'सिनार'ला हाका मारत राहिलो. पश्चिमेला समुद्राच्या कडेवर एक काळी रेघ उमटली, आणि ओल्या राखेसारखा वास आला. इथे राहणाऱ्याला तो वास पुरतो.

मग मारहाबान बोलला, आणि त्याचा आवाज चक्क मोकळा होता.

"बरं झालं, अबू. आम्ही उगाच घाबरलो होतो."

"कशाचं बरं झालं?"

"वारा रात्रीवर गेला ना. आता आरामात उचलतो याला."

"कुणी सांगितलं रात्रीवर गेला?"

"तुम्हीच की. आत्ता वाचलंत. संध्याकाळपर्यंत शांत, लाटा अर्धा मीटर."

मी गर्दीकडे पाहिलं. यंत्र माझ्याच हातात होतं. मी तसं काही वाचलं नव्हतं.

"मारहाबान, मी बोललो नाही. काळी रेघ दिसतेय इथून. वळ."

मध्ये नुसती खरखर आली, आणि मग कुणाला तरी उत्तर द्यावं तसा तो म्हणाला, "हो, अबू... हो, ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"तुम्ही म्हणालात, कुणीतरी मस्करी करतंय, लक्ष देऊ नको." तो घुटमळला. "अबू... आता तुम्ही दोन वेगळं बोलताय."

आम्हाला फक्त त्याचाच आवाज येत होता. जिथे दुसऱ्यानं बोलायचं, तिथे खरखर. पण ती खरखर सरळ नव्हती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, आणि मध्येच अडकायची. खोकल्यासारखी.

पांगलिमानं पहिल्यांदाच खुर्ची ओढली. "दे इकडे," तो म्हणाला. "मी पांगलिमा बोलतोय. सोड त्याला. मी सोड म्हणतोय. दोष नाही. परत ये."

खरखर झाली.

"तुम्ही तर मघाशी म्हणालात, आणल्याशिवाय येऊ नको..." मारहाबान पुटपुटला. "कोण आहात तुम्ही? तिकडे कोण कोण आहे?"

नुरमाला माझ्या दंडाला घट्ट धरून होती. "अबू, काहीतरी सांगा. तुम्हा दोघांशिवाय तिसऱ्याला माहीत नसेल असं काहीतरी सांगा."

मी यंत्र तोंडाशी धरलं. "मारहाबान, नीट ऐक. तू मुलगी मागायला आलास, तेव्हा अंगणात आपण दोघंच होतो. मी तुला एकच प्रश्न विचारला. मी विचारलं, वादळात..."

"...दिवा आधी विझवशील की शीड आधी उतरवशील," तो म्हणाला. रडू आवरत असल्यासारखा त्याचा आवाज बारीक झाला. "ते त्यांनी सांगितलं, अबू. तुमच्या आधीच. मी विचारलंही नव्हतं."

खिडकीचं दार एकदा आपटलं. वाऱ्याची पहिली झुळूक खोलीत आली आणि टेबलावरचा अंदाजाचा कागद जमिनीवर पडला.

"वळ," मी म्हटलं. एवढंच म्हणत राहिलो. "वळ, पोरा. वळ."

"थांबा... थांबला तो. अबू, तो थांबला." मागे सफवान ओरडत होता, इशाक काहीतरी पुटपुटत होता, कलमा असावा. "सफवाननं धरला. हात धरला..."

"तोंड दिसतं का?" उंबऱ्यावरून मा साउदानं विचारलं. ती इतकी हळू बोलली होती की यंत्रात ते जाणं शक्य नव्हतं.

"अजून नाही, मा," मारहाबान म्हणाला. इंजिन बंद झालं होतं. पाणी फळीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"अबू..."

"बोल."

"याचा हात गरम आहे."

त्यानंतर 'सिनार'कडून काही आलं नाही. वारा अंदाजाप्रमाणे दुपारनंतर आला. लाटा चार मीटरच्या होत्या, अंदाजाप्रमाणेच. संध्याकाळी धक्क्याचा कठडा तुटला. नुरमाला रात्रभर यंत्रात बोलत होती. तिला उत्तरं मिळत होती असं तिच्या बोलण्यावरून वाटत होतं. पहाटे मी वायरीच तोडल्या.

गुरुवारी वारा पडला तशा सगळ्या नावा शोधायला गेल्या. काही मिळालं नाही.

शुक्रवारी आमच्याकडे एकही नाव दर्यात जात नाही. दुपारचा नमाज संपवून माणसं मशिदीबाहेर आली, तेव्हा 'सिनार' भरतीबरोबर खाडीत येत होती. इंजिन बंद, सुकाणूवर कुणी नाही. ती वळणावर वळली आणि धक्क्याला, स्वतःच्या जागी लागली. फळ्यांना कुठे चीर नव्हती.

बर्फाच्या खणात चौघं होते. मारहाबान, सफवान, वाहिद, इशाक, एका रांगेत, उजव्या कुशीवर, तोंडं किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, कबरीत ठेवतात तसे. त्यांच्या अंगावर मिठाचा कण नव्हता. केस धुतलेले होते. पांढऱ्या कापडात गुंडाळून गाठी जशा मारायच्या तशा मारलेल्या होत्या. नावेवर पांढरं कापड नसतं. मा साउदा खणात उतरली आणि बर्फ हातानं उकरत राहिली. पाचवा नव्हता.

इमामांनी मारहाबानच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. नाकाकानांत कापूस होता, मयताला न्हाऊ घातल्यावर घालतात तसा. त्यांनी तो पाहिला, कापड परत ओढलं आणि म्हणाले, "यांना पुन्हा न्हाऊ घालायची गरज नाही."

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर चौघांना पुरलं.