थुंकीने पुसलेली मुलगी

हसू नका रे. खोटं वाटत असेल तर आत्ता माझ्या तोंडाचा वास घ्या.

सात फेब्रुवारी. दुपारचे तीन. फ्लॉरेन्स, नदीपलीकडचं ऑर्नेला आत्याचं दुकान. जुनी चित्रं साफ करायचं.

कशाने करतो आम्ही, माहितीये ना?

थुंकीने.

काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा, चित्रावर फिरवायचा. मग फेकून द्यायचा. आत्याचा एकच नियम... वापरलेला कापूस परत तोंडात जाता कामा नये.

माझ्यापुढे काजळीने काळीठिक्कर झालेली लाकडी फळी होती.

"पाचशे वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला चौकात होळी केली होती ना," आत्या म्हणाली. "चित्रं, आरसे, बायकांची गंगावनं... सगळं पाप म्हणून जाळलं. त्यातून कुणीतरी ओढून काढलेली दिसते ही."

शेजारच्या टेबलापाशी लापो, माझ्यासोबत काम करणारा, वजडीचा पाव खात होता. रस कोपरापर्यंत ओघळलेला. शी!

"तेक्ला, ती होळी पेटलीच नसती तर?" त्याने मला विचारलं.

'असं झालं नसतं तर', हा आमचा रोजचा खेळ.

"तर चित्रकारांनी कुणाला न घाबरता काय काय काढलं असतं! गावभर चित्रंच चित्रं."

"म्हणजे आपण थुंकून थुंकून मेलो असतो!"

"तुझी थुंकी नको बाबा. वजडीच्या वासाने चित्रातली बाई उठून पळेल."

मी खो खो हसले. आणि हसता हसता...

फळीवर फिरवलेला तोच कापूस तोंडात घातला.

जळकी चरबी. जळके केस. तशी चव.

थू थू केलं. जिभेला काहीतरी चिकटलं होतं. ओढलं...

येतच राहिलं. घशातून.

हातभर लांब, सोनेरी केस.

माझे केस काळे. आत्याचे पांढरे, बारीक कापलेले. लापोला टक्कल.

फळीकडे पाहिलं. काजळीतून एक मुलगी वर आली होती. ओठ मिटलेले. कमरेपर्यंत सोनेरी केस.

मी फक्त एक कोपरा पुसला होता. फळी मात्र सगळी ओली होती... चिकट, तार सुटेल अशी.

आत्याने फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. हात सुरकुतेपर्यंत धुतले.

"जळलेल्यांसमोर 'जळलं नसतं तर' म्हणू नये गं," ती हळूच म्हणाली. "त्यांना आशा लागते."

आज सहा आठवडे झाले. रोज सकाळी तोंडात एक केस. कधी दोन. व्हिनेगरने चुळा भरून झाल्या. पाव, सूप, कॉफी... सगळ्याला तीच चव. आईने केलेलं काही पोटात ठरत नाही. बघा ना, किती वाळलेय मी.

काल आत्या बाहेर गेली, तेव्हा मी फळी वळवली.

मुलीचे केस संपलेत. नुसतं डोकं... ओलं, गुलाबी.

ओठ मात्र उघडलेत.

दात दिसतात. पुढचा एक नाहीये.

आणि आज सकाळपासून माझ्या जिभेखाली काहीतरी टणक आहे.

माझे सगळे जागेवर आहेत. तीनदा मोजले.

कुणी बघता का जरा? माझा हात धजावत नाहीये...