मोहा सफरीचे पाहुणे

"दुसऱ्याच्या दारातल्या गाड्या मोजल्या काय रे तुम्ही कधी?"

जेवणं झाल्यावर शेकोटीजवळ रूपलालमामांनी माझ्या टीनाला आणि खुमेंद्रला असं विचारलं, आणि मग सांगू लागले.

"माझा दोस्त खेमराज मोजायचा. नवेगाव बांधहून चिचगडकडे जंगलातून रस्ता जातो ना, त्यावर मोहाच्या वाईनचे चार-पाच कारखाने झाले. पर्यटक गाडीनं एकेक पाहत, चव घेत जातात. 'मोहा सफर' म्हणतात त्याला. एक कारखाना खेमराजचा. पण गाड्या थांबायच्या त्याच्या चुलतभावाकडं, धर्मेंद्रकडं. मोह भिजवायला त्याला शिकवलं कोणी? खेमराजनंच!

खेमराजची बायको कुंदाबाई समजवायची, 'फाट्यावर त्यायच्या नावाची पाटी हाय. तुमचंबी नाव तिथं लावून मागा ना त्यायले.'

'त्याले शिकवलं मी, अन् मागू बी मीच?'

एकदा धर्मेंद्र हसून म्हणाला, 'दादा, गर्दी लय होऊन राहिली. उरलेले धाडू काय तुमच्याकडे?' त्या दिवशी खेमराज जेवला नाही.

गेल्या पौषातली अमावास्या, रविवारची रात्र. खेमराज चिचगडहून रिकाम्या बाटल्या घेऊन टेम्पोनं परत येत होता. फाट्यावर थांबला. पाटीचा खांब मातीत ढिला होता. त्यानं फिरवला. बाण आता त्याच्या घराकडं."

"रातच्याले कोण येते, मामा?" टीना म्हणाली.

"कोणी नाही. धर्मेंद्र तर दिवा लागला की फाटकाला साखळी लावायचा. काऊन, ते सांगत नव्हता. खेमराजला वाटायचं, माज आहे.

घरी येऊन त्यानं बाटल्या उतरवल्या. तेवढ्यात फाटकात दिवे दिसले. एक गाडी. मागं दुसरी. मग तिसरी... इंजिनाचा आवाज नाही.

खेमराज धावला. 'या, या! धर्मेंद्रकडे जाऊन राहिले होते काय?'

गाड्यांतले लोक उतरले. उभे राहिले.

त्यानं पेले भरले. कोणी हात लावेना.

'कुठून आले जी?'

...

'थंडी हाय. घ्या ना.'

...

मग मागून एका बाईचा आवाज आला. 'तिकडे आत घेत नाही आम्हाले.'

खेमराजची छाती फुगली. 'त्याचं मनच लहान! बसा तुम्ही. घर तुमचंच हाय. पाहिजे तितके दिवस राहा.'

दिवे विझले. सगळे एकदम.

त्यानं टॉर्च लावला.

अंगण रिकामं."

खुमेंद्र हळूच टीनाजवळ सरकला.

"मग?"

"मग काय... सकाळी कुंदाबाई सडा टाकायला बाहेर आली. दवानं ओल्या मातीत फाटकापासून थेट उंबऱ्यापर्यंत तीन गाड्यांच्या चाकांचे ठसे होते. सगळे आत आलेले. बाहेर गेलेला एकही नव्हता."