दूरचं कॉलेज

“हसू नका.”

“मी कुठं हसतेय?”

“तोंड नाही हसत. डोळे हसतायत. मेडिकलवाल्यांना डोळेसुद्धा गंभीर लागतात.”

आता इतकं सांगितल्यावर कुणाला हसू येणार नाही? तिनं ओठ घट्ट मिटले, समोरच्या भिंतीतल्या खिळ्याकडे बघितलं... आणि फिसकन हसली. कॅमेऱ्यामागून एक मोठा सुस्कारा आला.

खरं तर ती या स्टुडिओत यायचीच नव्हती. नेहमीच्या फोटोवाल्याचं शटर बंद होतं आणि उद्या मेडिकलच्या प्रवेशासाठी कागदपत्रांची तपासणी होती. फोटो कसा हवा याचे नियम तर असे, की वाचूनच माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू पळावं. मागचा पडदा पांढरा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्मा नको, कपाळावर केस नकोत, दात तर मुळीच नकोत. म्हणून ती बाजाराच्या कोपऱ्यावरच्या या चिंचोळ्या दुकानात शिरली. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि हा उंच, थोडा वाकून चालणारा फोटोवाला. वयानं तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

“डॉक्टर होणार म्हणजे?”

“प्रवेश मिळाला तर. परीक्षा दुसऱ्यांदा दिली. मार्क पडलेत, पण असे पडलेत की... नापास म्हणता येत नाही आणि पेढे वाटायचीही लाज वाटते.”

“म्हणजे माझ्या दुकानासारखं. बंद म्हणावं तर बंद नाही, चालतंय म्हणावं तर तेही नाही.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती का कोण जाणे, एकदम विचारात पडली, आणि नेमका त्याच क्षणी त्यानं खटकन फोटो काढला. छान आला होता फोटो. पाकिटावर त्यानं तिचं नाव न विचारता ‘डॉक्टर’ एवढंच लिहिलं. रस्त्यानं जाताना तिनं ते पाकीट उगाचच दोनदा उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी माशी शिंकली.

तपासणीच्या हॉलमध्ये टेबलापलीकडे बसलेल्या बाई कागद असे चाळत होत्या, जसे तांदूळ निवडावेत, एकही खडा सुटू नये. गुणपत्रिका ठीक. जन्मदाखला ठीक. लसी टोचल्याचा दाखला, प्रकृती ठणठणीत असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सगळं ठीक. मग बाईंनी अर्जावरचा फोटो उचलून तिच्या चेहऱ्याशेजारी धरला.

“ओळखीची खूण म्हणून काय लिहिलंय तुम्ही? उजव्या भुवईवर तीळ. तो चेहऱ्यावर आहे. फोटोत कुठंय?”

फोटोत तीळ नव्हता. भुवईवर नुसतं गुळगुळीत कपाळ होतं.

“पाचच्या आत दुसरा फोटो आणा. नाहीतर तुमची फेरी गेली.”

एक अख्खं वर्ष पहाटे उठून केलेला अभ्यास, मैत्रिणींची लग्नं चुकवलेली, आणि आता एका तिळापायी सगळं मुसळ केरात! ती धावतपळत दुकानात पोचली, ती भांडायच्या तयारीनंच.

“माझा तीळ कुठंय?”

फोटोवाल्याच्या हातातला कागद गळून पडला. त्यानं कॉम्प्युटरवर तिचा फोटो उघडला, बघितला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

“पुसला मी. अहो, हाताला सवय आहे... इथं येतं ते प्रत्येक माणूस म्हणतं, तेवढे डाग काढा. कुणाचे व्रण, कुणाच्या पुटकुळ्या, कुणाचे तीळ. न सांगताच हात फिरतो माझा. चुकलं.”

“डाग? माझा तीळ डाग आहे?”

“नाही हो!” तो इतक्या कळवळून म्हणाला की तिचा राग निम्मा तिथंच ओसरला. “चांगला आहे. फार... चांगला आहे. बसा, आधी बसा तुम्ही.”

नवे फोटो निघाले. त्यानं दुकानाचं शटर ओढलं, स्कूटरला किक मारली आणि तिला हॉलपर्यंत सोडलं. सोडून परत जायचं, तर तिच्यामागोमाग थेट टेबलापर्यंत आला.

“बाई, तीळ खरा आहे. चूक माझी आहे.”

बाईंनी चष्म्यावरून त्याला नखशिखान्त न्याहाळलं. “तिळाबद्दल इतकी खात्री? तुम्ही कोण यांचे?”

“मी... फोटोवाला.”

“मग बाहेर थांबा.”

तो कानापर्यंत लाल झाला आणि बाहेर थांबला. ती शिक्का मारून घेऊन आली तेव्हा तसाच उभा होता, स्कूटरच्या आरशात उगाच स्वतःचे केस नीट करत. ती हसली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

त्यानंतर तिला झेरॉक्सची फार गरज पडू लागली. प्रवेशाला कागद लागतात हे खरं, पण एकेका दाखल्याची एकेक प्रत काढायला रोज बाजारात कशाला जावं लागतं, हे तिच्या आईला कळत नव्हतं. किंवा कळत असावं. “ताकाला जाऊन भांडं लपवू नये,” असं ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली. नेमकं कुणाला, ते मात्र म्हणाली नाही.

“एवढ्या प्रती कॉलेजवाल्यांनीसुद्धा मागितल्या नसतील,” एक दिवस तो म्हणाला.

“असू देत. हरवल्या तर?”

“हरवा की. मी आहे.”

मशीनचा हिरवा उजेड त्याच्या हातांवरून सरकत गेला. ती कागद सारखे करण्यात गुंतल्यासारखं करत राहिली. एव्हाना ‘अहो’चं ‘अरे’ झालं होतं, आणि ते नेमकं कधी झालं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. दुकान त्याच्या मामाचं होतं. मामा गेले तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक, फोनच्या जमान्यात फोटो कोण काढतो. त्यानं विकलं नाही. का, असं तिनं विचारलं.

“मामाच्या हातचा वास आहे इथं. पडद्याला, स्टुलाला. वास विकायचा तर किंमत काय सांगणार गिऱ्हाईकाला?”

मग यादी लागली. तिला सरकारी सीट मिळाली होती, पण रात्रभर बसनं जावं एवढ्या दूरच्या गावात. मुळात तो प्रांतच वेगळा. त्याच यादीत तिच्या शहरातल्या खाजगी कॉलेजचीही सीट तिच्यासाठी मोकळी होती. घरून चालत जाता येईल असं कॉलेज, पण त्याच्या एका वर्षाच्या फीमध्ये तिकडचा अख्खा अभ्यासक्रम झाला असता, वर हॉस्टेल आणि जेवणखाणही भागलं असतं. कोणती सीट घ्यायची ते आठवड्याभरात कळवायचं होतं. तिचे बाबा गाड्या दुरुस्त करायचे, स्वतःचं लहानसं गॅरेज होतं. ती खाजगीचं नावही काढणार नव्हती. पण बाबाच रात्री जेवताना म्हणाले, “इथलंच घे. पैशांची सोय झालीय.”

“कुठून झाली?”

“झाली म्हणतो ना. आंबे खा, झाडं कशाला मोजतेस!”

ती आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिली. घर सोडायला नको, आईपासून लांब जायला नको, आणि... बाजाराच्या कोपऱ्यापासूनही नको. सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर हजर होती.

“इथलंच कॉलेज घेतेय! बाबांनी सोय केली. म्हणजे सगळी वर्षं इथंच. तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला.”

तिला वाटलं होतं तो उडी मारेल. निदान हसेल. त्यानं किल्ली कुलपात घातली, फिरवली, पुन्हा काढली. आत गेला. पाणी प्यायला.

“काय रे? आवडलं नाही तुला?”

“आवडलं.”

“मग तोंड असं का?”

तो स्टुलावर बसला. फोटो काढून घ्यायला आलेल्या माणसासारखा, ताठ, हात गुडघ्यांवर. त्याच्या मनात काहीतरी चाललं होतं एवढं तिला दिसत होतं. हा आता म्हणणार, माझं लग्न ठरलंय. नाहीतर, तू रोज येत जाऊ नकोस.

“तुला सांगू नको म्हणाले होते,” तो हळूच बोलला. “तुझे बाबा आले होते. गॅरेजचे फोटो काढून हवे होते. आतली यंत्रं, गाडी वर उचलायचा जॅक, बाहेरची पाटी, सगळं. विकायचंय, दोन-तीन लोकांना दाखवायचंय म्हणाले. मी जाऊन काढून आलो. पाटीचा फोटो काढताना ते बाजूला झाले आणि रुमालानं पाटी पुसून दिली. फोटोत चांगली यावी म्हणून.”

तिला पुढचं ऐकूच आलं नाही. ती पायरी उतरली आणि चालू लागली.

गॅरेजमध्ये बाबा एका गाडीखाली होते. नुसते पाय दिसत होते. ती त्या पायांशीच बोलली.

“गॅरेज विकायचं नाही.”

पाय स्तब्ध झाले. “कुणी सांगितलं? फोटोवाल्यानं?”

“कुणी का सांगेना.”

बाबा बाहेर सरकले, हाताला तेल, गालाला तेल. “अगं, लोखंड आहे सगळं. लोखंडाचं काय एवढं! दुसऱ्याकडे नोकरी करीन. हात तर माझेच आहेत ना?”

“बाबा, तुम्ही या वयात दुसऱ्याच्या हाताखाली राबणार, शिव्या खाणार, आणि मी इथं पुस्तक उघडून बसू? एक ओळ डोक्यात शिरेल का माझ्या?”

“आणि तुला तिकडे धाडून तुझ्या आईला झोप लागेल का?”

“आईला लागेल. आईनं मागच्या आठवड्यातच माझी बॅग उन्हात टाकलीय. झोप कुणाची उडणार ते मला माहीत आहे.”

बाबांनी तेलकट हातानंच डोळे पुसले, त्यामुळे चेहरा आणखीनच काळा झाला. त्यांनी पाना हातात फिरवला. मग म्हणाले, “त्या पोराला मी बजावून सांगितलं होतं, मूग गिळून गप्प बस म्हणून.”

“नाही बसला तो.”

“माणूस बरा दिसतोय,” बाबा पुटपुटले आणि परत गाडीखाली गेले.

दूरची सीट पक्की करून ती बाजारात गेली तेव्हा दुपार टळली होती. बारीक पाऊस पडत होता आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

“तिकडचं घेतलंस.”

“घेतलं.”

“बरं केलंस.” तो काचेच्या कपाटावरची नसलेली धूळ पुसू लागला.

“तू गप्प बसला असतास तर मी इथंच राहिले असते.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय... सांगायच्या आधी पाणी प्यायला आत गेलो होतो ना, तेव्हा वाटलं, नकोच सांगायला. रोज येशील, रोज भांडशील. पण उद्या त्या गॅरेजवर दुसऱ्याची पाटी लागली असती, आणि मी तुझ्याकडे बघून हसलो असतो... नाही, जमलं नसतं मला.”

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. ती थांबली. तो पुढचं बोलेल म्हणून थांबली. पण तो फडकं घडी करत राहिला, मग ते उलगडलं, पुन्हा घडी केलं.

“आणखी काही नाही सांगायचं?” तिनं विचारलं.

“आहे. पण जाणाऱ्या माणसाला सांगू नये. पाय अडतात.”

“माझे नाही अडत.” ती काउंटरपाशी आली. “मी जाणार आहे. बसचं तिकीट काढलंय. ते ठरलंय म्हणूनच सांगते. मला तू आवडतोस. खूप. वाट बघ असं मी म्हणणार नाही, फार वर्षं आहेत. शिवाय शिकून झालं की वर्षभर तिथल्याच दवाखान्यात काम करायचं लिहून दिलंय, सरकारी सीटचा नियमच आहे तो. पण न सांगता गेले असते तर तिकडे पुस्तकात लक्ष लागलं नसतं.”

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. तिच्याकडे बघितलं, कॅमेरा मध्ये न आणता.

“रात्रभराचा प्रवास आहे ना?” त्यानं विचारलं.

“हो. संध्याकाळी बसलं की सकाळी.”

“आणि परत यायलाही तेवढाच.”

“तेवढाच.”

“माझं दुकान सोमवारी बंद असतं,” तो म्हणाला.

तिला आधी हसू आलं, आणि मग सकाळपासून धरून ठेवलेलं रडू. तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला, आणि मामाच्या त्या चिंचोळ्या दुकानात, मशीन आणि भिंतीच्या मधल्या एवढ्याशा जागेत, तिच्याजवळ उभा राहिला.