आयतं पान

"या महिनाअखेर माझा इथला कामाचा पास रद्द होणार, सरोजिनीताई." क्षितिजने चहाला हातही लावला नव्हता. जुरोंगच्या औषध कारखान्यात टाक्या धुणं हे त्याचं काम. "शुक्रवारी टाकी तपासणीत स्वच्छ निघते, सोमवारी तिच्यातच जंतू! सगळे म्हणतात, मी धुण्यात अंगचोरी करतो. बायकोपोरांसकट देश सोडावा लागेल."

सरोजिनी सबनीस खाजगी गुप्तहेर. तिचा नवरा प्रबोध मरीन इंजिनिअर. बोट गोदीत लागली की तो तिच्यामागे फिरे आणि हमखास भलत्यालाच पकडे.

"टाक्यांच्या खोलीची किल्ली कोणाकडे?" त्याने विचारलं.

"मॅनेजर लिमकडे."

"सापडला चोर!"

कारखान्यात लिमने त्यांना टाकीचं सील दाखवलं आणि तिथल्या तुटक इंग्रजीत सांगितलं, "फ्रायडे आय सील, मंडे रुचिरा कट. नोबडी टच, लाह!"

रुचिरा प्रयोगशाळेत जंतू तपासणारी. ती म्हणाली, "शुक्रवारी झाकणाच्या आत खूण केलेल्या जागी जेलीची प्लेट दाबायची. जेलीत जंतूंचं खाणं असतं. चिकटलेले जंतू उबेत वाढून दिसतात. प्लेट उचलली की टाकी बंद."

"लगेच?" सरोजिनीने विचारलं.

"लगेच. सोमवारी पुन्हा तीच जागा."

"हिनेच लावले जंतू," प्रबोध कुजबुजला.

"अहो, गप्प बसा. रुचिरा, आज सोमवारच आहे. खुणेपासून वीतभर लांब आणखी एक प्लेट दाबा."

प्लेट्स उबेत ठेवून झाल्यावर सगळे जमले. खुणेच्या जागेची प्लेट ठिपक्यांनी गजबजली होती. दुसरी कोरी.

"धुण्यात चूक असती, तर जंतू दोन्हीकडे निघाले असते," सरोजिनी म्हणाली. "सील शाबूत, म्हणजे बाहेरचं कोणी नाही. जंतू फक्त तिथेच, जिथे शुक्रवारी जेली टेकली. प्लेट उचलली तरी जेलीचा अंश मागे राहतो. तो स्पिरिटने पुसायचा राहिला. धुतल्या टाकीतही एखाददुसरा जंतू उरतोच. त्याला आयतं पान वाढलं गेलं."

रुचिराचा चेहरा उतरला. "म्हणजे, मीच त्यांना जेवू घातलं?"

"नकळत. यापुढे पुसत जा."

प्रबोध प्लेट उजेडाला धरून पाहतच राहिला. सात समुद्र पालथे घातलेला माणूस, पण असा थक्क कधी झाला नव्हता. "न दिसणाऱ्या खरकट्यावर तीन दिवसांत एवढं गाव वसलं! धन्य आहे!"

लिम क्षितिजकडे वळला.

"नेक्स्ट मंथ, मोअर टँक्स. यू वॉश. कॅन?"

क्षितिजचे डोळे भरून आले. "कॅन," तो कसाबसा म्हणाला. "कॅन, कॅन!"