हाकेचे व्होल्ट

सिंदेवाहीच्या अलीकडं आमच्या धानाच्या बांध्या आहेत. रानडुकरं येतात, म्हणून बांबूवर भोंगा बांधला. त्यात आमच्या घरधन्याची, वामनरावांची, रातच्या जागलीतली हाक भरली आहे. हाऽऽ हो! मंग जराशी शांतता, मंग परत हाक. ती शांतता म्हणजे रीत. एकानं हाक द्यायची, शेजारच्या बांधीतल्यानं ओ द्यायची. दोघंही जित्ते आहेत, एवढंच कळवायचं.

मागच्या साली वाघानं वामनरावांना त्या बांधीतूनच नेलं. फोटो घरात ढीगभर आहेत. आवाज तेवढाच उरला.

यंदा तो बारीक येऊन राह्यला. पोरगा राजदीप म्हणे, "माय, ते पुसून माझा आवाज भरतो."

"तुझ्या आवाजानं घरची कोंबडी उठत नाई," म्हटलं, अन चंद्रपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या नातीले, नंदिनीले बोलावलं.

तिनं अंगणात लॅपटॉप मांडला. गाणी रेकॉर्ड करायचा डबा आणला, त्याले ऑडिओ इंटरफेस म्हणतात. पहिलं लॅपटॉपवर एकसुरी शिट्टी वाजवली, मीटरनं तिचे व्होल्ट मोजले अन तेच माप पडद्यावर बसवलं. पायली खरी करूनच धान मोजावं, हे मले पटलं. मंग भोंग्याचं कार्डवालं यंत्र डब्याले जोडलं.

"अर्धा व्होल्ट, आजी. चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी पाव भरला.

"तार खराब असंल."

"तार बदलली. भरलेला आवाज असा उतरत नाई, आजी."

शिट्टी मात्र जिथल्या तिथी. कार्डातली हाक मोबाईलमध्ये घेतली, तिथीही उतरलेली.

राजदीपची बायको दारातून बोलली, "बाबा हिंडत असतील काय?"

"आपण बुद्धाची माणसं. भूत तुझ्या माहेरी ठेव."

रोज मोजलं. मंग नंदिनीनं पडद्यावर बोट ठेवलं. हाक उतरून राह्यली होती, अन मधली शांतता चढून राह्यली होती. कानाले काहीच नाई. व्होल्ट मात्र होते.

एका दुपारी हाकेच्या जागी सपाट रेघ आली.

"आजोबा गेले," नंदिनी हळू बोलली.

मसणात मी रडली नव्हती. त्या दिवशी अंगणातच बसली. कोणी उठवलं नाई.

"शांतता आहे ना अजून?" मी विचारलं. "वाढव."

तिनं डब्याची कळ फिरवली अन हेडफोन माझ्या कानाले लावला.

बाईचा आवाज. लांबचा. धापा टाकत ओ देऊन राह्यली होती.

"आली जी, आली."

आवाज माझा होता.

मी जन्मात जागलीवर गेली नाई.

"काय ऐकू आलं, आजी?"

"काही नाई."

हेडफोन तिच्या हातात दिला. चप्पल घातली.

बांधीच्या वाटेवर मले धाप लागली.