टेंबजाईचा आडोसा

टेंबजाईला घरी आणायचं, एवढ्याच कामासाठी बबन त्या गुरुवारी काळेवाडीतून निघाला. कंपनीला सुट्टी होती. बरोबर बायको दुर्गाबाई आणि शेजारच्या खोलीतला, कोकणातून आलेला सदाशिव. सदाशिवच्या खांद्यावर ट्रकच्या चार जुन्या ट्यूबा, हवा काढून, गुंडाळून घेतलेल्या.

पवनेचं धरण झालं आणि बबनचं गाव पाण्यात गेलं. गावाशेजारची टेकडी तेवढी वर राहिली. चारी बाजूंनी पाणी, मधे ती, पाठ वर काढून बसलेल्या म्हशीसारखी. कंपनीतली पोरं आता तिला सुट्टीचं बेट म्हणत. बाकीचे देव लोकांनी डोक्यावर घेऊन नव्या गावठाणात नेले होते. टेकडी बुडणार नव्हती, म्हणून टेंबजाईचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला तो गोल दगड, तिथंच राहिला.

बबनची आई अंबूबाई. गावात असताना टेंबजाईचं वारं तिच्याच अंगात यायचं. आता तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा उतरत चालला होता, आणि दिसतंय तोवर देवीला एकदा डोळाभर बघायचं, एवढंच मागणं तिनं लेकाकडं मागितलं होतं. निघताना तिनं बजावलं, "दुपारच्याला मावळतीकडनं वारं येतं. त्याच्यासमोर राहू नगा."

दुर्गाबाईनं हे ऐकलं आणि पिशवीत नारळ, लिंबं, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या घातल्या. देवी येणार म्हटल्यावर हात हलवत कसं जायचं!

कामशेतला लोकलमधून उतरले. पुढं दुधाच्या गाडीनं धरणाच्या काठाला आले. पायपंपानं हवा भरता भरता दोघांच्या पोटऱ्या भरून आल्या. ट्यूबांवर बांबू बांधले, बांबूंवर गोणपाट टाकलं, झाला तराफा. सकाळचं पाणी गुळगुळीत होतं. वल्हं मारलं की आभाळाचे तुकडे व्हायचे आणि मागं वळून बघावं तर पुन्हा सांधलेले. बबनला वाटलं, आपण पाण्यावरून नाही, आपल्याच गावावरून उडत चाललोय. खाली कुठंतरी आपलं शिवार आहे आणि त्यावर आपली सावली सरकतेय.

बेटाची उगवतीची बाजू दगडाधोंड्यांची होती. मावळतीला मात्र मऊ, पिवळसर वाळूची पुळण पसरली होती. सदाशिव म्हणाला, याच्याहून चांगला किनारा आमच्या कोकणातही नाही. तराफा तिथंच लावला, एका खुंटाला बांधला. पाण्यात बुडून वाळलेल्या बाभळींचे खुंट काठाला जागोजाग उभे होते.

दुर्गाबाईचं म्हणणं पडलं, की आत्याबाईंनी सांगितलंय, देवी मावळतीकडून येणार. तर वर जायच्या आधी तिला इथंच नारळ देऊन शांत करावं. मग तिनं पाण्याकडं तोंड करून हळदकुंकू वाहिलं, बांगड्या मांडल्या, लिंबं ओवाळली.

"वहिनी, माझ्या अंगात आली तर मी मासळी मागेन हां," सदाशिव म्हणाला.

"तुझ्या अंगात यायला तिला काय दुसरी जागा न्हाई व्हय?" दुर्गाबाईनं न बघताच उत्तर दिलं.

भाकरी खाल्ली, खोबरं खाल्लं. उन्हानं पुळण तापली, पाणी चमचमत राहिलं, आणि तिघांचेही डोळे मिटले.

बबन जागा झाला तो तोंडावर उडालेल्या पाण्यानं. मावळतीकडच्या घाटाच्या खिंडीतून वारा सुटला होता! साधा वारा नव्हे. सगळं धरण पांढऱ्या फेसानं उकळत होतं. बांगड्या, लिंबं, नारळाची करवंटी, सगळं उडालं. लाटा काठावर आपटत होत्या आणि तराफा खुंटांवर आदळत होता.

फट्! एक ट्यूब फुटली.

"अवं, आत्याबाई ह्या वाऱ्याचंच सांगत होत्या!" दुर्गाबाई ओरडली.

हसायला वेळ नव्हता. सदाशिवनं पाण्यात उडी टाकली. मागोमाग बबन. दोर सुटला. तराफा उलटा उठला. बांबू बबनच्या खांद्यावर बसला. त्यानं सोडला नाही! दुर्गाबाई पदर खोचून छातीभर पाण्यात शिरली आणि दुसरी बाजू धरली. काठाकाठानं, खुंट चुकवत, दगडांना ठेचकाळत, तिघांनी तो तराफा बेटाला वळसा घालून ओढत नेला. टोक ओलांडलं.

आणि वारा थांबला.

थांबला नव्हता. डोक्यावर, टेकडीच्या माथ्यावर, तो घोंगावत होता. माथ्यावरचं गवत आडवं झालेलं दिसत होतं. पण इथं, उगवतीच्या अंगाला, दगडांच्या कुशीत, एवढीशी पुळण होती आणि पाणी परातीतल्यासारखं निवांत. पुळणीच्या वर एक कपार होती. कपारीत टेंबजाई बसली होती. शेंदूर फिका पडला होता, पण कुंकवाचा डाग अजून होता.

बबन तिच्यापुढं बसला. थंडीनं दात वाजत होते, हळूहळू थांबले. मग त्यानं पाण्यात पाहिलं. उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं. खाली, हिरव्या उजेडात, विहिरीचं तोंड दिसत होतं. पलीकडं चिंचेचा बुंधा. त्यातून मासे फिरत होते, दुपारच्या वेळी बाया फिरायच्या तसे, बिनघाईचे. तो किती वेळ बघत बसला, त्यालाच कळलं नाही.

उन्हं कलली तसा वारा पडला. तीन ट्यूबांवर तिघं कसेबसे मावणार होते. सदाशिवनं स्पष्टच सांगितलं, दगडाचं वजन झेपायचं नाही. बबन म्हणाला, मग तुम्ही दोघं देवीला घेऊन जा, मी उद्या येतो. त्यानं तांदळ्याला हात घातलासुद्धा. तांदळा हलला. त्याच्याखाली कोरडी, ऊबदार माती होती. एवढ्या वर्षांच्या वाऱ्यापावसात कोरडी!

दुर्गाबाईनं त्याचा हात धरला.

"हिला हितं आडोसा हाय," ती म्हणाली. "आपल्या पत्र्याच्या खोलीत कुठं हाय?"

बबननं त्या मातीवर तळहात टेकवून बघितला. मग त्यानं दगड जागच्या जागी नीट बसवला. उरलेलं कुंकू लावलं.

परतीचं पाणी सकाळसारखंच गुळगुळीत झालं होतं, फक्त आता तांबूस. फुटकी ट्यूब मागं शेपटीसारखी ओढली जात होती.

घरी अंबूबाई उंबऱ्यातच बसली होती. लेकाचे रिकामे हात तिला दिसले की नाही, कोण जाणे. बबन तिच्याजवळ बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. नारळाचं, वाऱ्याचं, कपारीचं. वाऱ्याचं ऐकून ती खुदकन हसली. देवी तिथंच ठेवली हे ऐकून तिचं हसू मावळलं. दुर्गाबाईनं चुलीवरचा चहा उतरवून पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

मग बबननं विहिरीचं सांगितलं. चिंचेचं सांगितलं. अंबूबाईनं डोळे मिटले. तिची मान हळूच वळत गेली, विहिरीवरून चिंचेकडं, चिंचेवरून पुढं, कुणी पायवाटेनं चालत असावं तशी.

"आन् आपलं दार?" तिनं विचारलं.

"ते न्हाई दिसलं, आई. कुठल्या बाजूला बघायचं तेच कळंना."

"तुला कसं कळंल?" अंबूबाई म्हणाली. "जागा ठावं असलेलं कुणी बरोबर पायजे."

बबन उठला आणि बाहेर गेला. सदाशिव दिव्याखाली फुटक्या ट्यूबला ठिगळ लावत बसला होता.

"आणखी दोन ट्यूबा बघ," बबन त्याला म्हणाला. "म्हातारी येणार हाय."